चिंपांझीला नाव होतं

आमच्या घरी ‘डिस्कव्हरी लाव’ याचा अर्थ ‘प्राणी लाव’ एवढाच होता, चॅनेल कुठलं का असेना. नॅशनल जिओग्राफिक भारतात १९९८ साली सुरू झालं आणि पंचवटीतल्या आमच्या केबलवाल्याच्या कृपेने यथावकाश आमच्याही टीव्हीवर दिसू लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांची ती उभी पिवळी चौकट असायची. आजीने त्याचं नाव ‘पिवळं डिस्कव्हरी’ ठेवून टाकलं.

सिंहाने हरीण धरलं की आम्ही पोरं ओरडायचो. आजी मान वर करायची नाही. सिंह हरणाला खाणारच, त्यात बघायचं काय, असं तिचं मत. पण पडद्यावर माणूस आला की तिचा चष्मा सरळ व्हायचा. पाठीवर खोकी घेऊन चिखलातून चाललेला, होडी वल्हवणारा, भाल्याने मासा टिपणारा. ‘हा कुठला गं? कोणाचा?’ गावाकडून आलेल्या प्रत्येकाला ती हेच विचारायची, टीव्हीतल्यालाही तेच.

‘त्याचं नाव नाही सांगत गं आजी. तो नुसता वाट दाखवणारा आहे.’

‘मग वाट त्यालाच माहितीये ना?’

तोवर हिंदी निवेदक शास्त्रज्ञाबरोबर पुढच्या टेकडीवर पोचलेला असायचा. आणि मग बहुतेक लाइट जायची. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत नाशिकमध्ये किती मोहिमा अर्ध्यावर राहिल्या असतील, देव जाणे.

ज्या संस्थेचं हे चॅनेल, ती टीव्हीपेक्षा कितीतरी जुनी. १३ जानेवारी १८८८ रोजी वॉशिंग्टनच्या कॉसमॉस क्लबात ३३ जण जमले. भूगोल, भूशास्त्र, नकाशे, सैन्य अशा नाना क्षेत्रांतली माणसं. भूगोलाचं ज्ञान वाढवावं आणि ते पसरवावं म्हणून त्यांनी नॅशनल जिओग्राफिक सोसायटी काढली. पहिला अध्यक्ष गार्डिनर हबर्ड, पेशाने वकील. त्याच्यानंतर त्याचा जावई अध्यक्ष झाला, तो टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. बेलने १८९९ साली गिल्बर्ट ग्रोव्हनर नावाच्या तरुणाला मासिकाच्या कामावर आणलं, आणि पुढच्याच वर्षी हा तरुण बेलचा जावई झाला. सासरा, जावई, आणि जावयाचा जावई. हे वाचून कुणाला आपल्याकडच्या शिक्षणसंस्था आठवल्या तर त्याला माझा इलाज नाही.

पण या शेवटच्या जावयाने काम केलं. १९५४ पर्यंत मासिक त्याच्या हाती होतं. मासिकाचे ग्राहक नव्हते, संस्थेचे सभासद होते. वर्षाची वर्गणी भरायची, बदल्यात मासिक घरी येणार, आणि वर हेही समाधान की आपल्या पैशातून कुणीतरी ध्रुवाकडे निघालंय. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचं बळ नाशिककरांना समजावून सांगायला नको. आमचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, म्हणजे या सोसायटीपेक्षाही जुनं.

जानेवारी १९०५ च्या अंकात ग्रोव्हनरकडे पानं रिकामी होती. तेवढ्यात तिबेटच्या ल्हासाचे फोटो फुकट हाती आले. त्याने ११ पानं नुसत्या फोटोंनी भरली आणि आता नोकरी जाणार असं मनाशी धरून बसला. झालं उलटंच. लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करू लागले. तेव्हापासून मासिकात चित्र आधी आणि मजकूर मागून, असा क्रम पडला तो पडलाच. हे फोटो कुणी काढले होते? त्सिबिकोव्ह आणि नॉर्झुनोव्ह या दोघांनी. एक बुर्यात, दुसरा काल्मिक, दोघंही रशियाच्या साम्राज्यातले बौद्ध. परक्यांना ल्हासाचे दरवाजे बंद होते, पण बौद्ध यात्रेकरूला नव्हते. म्हणजे ज्या चित्रांनी हे मासिक घडवलं, ती चित्रं दुर्बीण रोखून आलेल्या पाहुण्याने काढलेली नव्हती. दर्शनाच्या रांगेत उभं राहू शकणाऱ्या माणसांची होती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि संस्था पुढे ती बराच काळ विसरली असंही वाटतं.

चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडालची गोष्ट मी वर्गात इतक्यांदा सांगितली आहे की मुलं आता मला थांबवतात. तरी सांगतेच. जुलै १९६०. पूर्व आफ्रिकेत टांगानिका सरोवराच्या काठी गोम्बेचं जंगल. सव्वीस वर्षांची मुलगी, पदवी नाही, आणि बाईमाणसाला एकटीला जंगलात राहू द्यायला अधिकारी तयार नाहीत म्हणून आई सोबत आलेली. चिंपांझी तिला पाहिलं की पळायचे. आज पळायचे, उद्या पळायचे, महिना झाला तरी पळायचे. ती तीच टेकडी चढायची, तेच कपडे घालायची, दिसेल अशी बसायची. शेवटी पांढऱ्या दाढीचा एक नर पळायचा थांबला. तिने त्याचं नाव ठेवलं डेव्हिड ग्रेबिअर्ड. त्याच वर्षाच्या अखेरीस हा डेव्हिड वारुळात गवताची काडी खुपसून, तिला चिकटलेली वाळवी ओठांनी टिपताना तिला दिसला. कधी पानं ओरबाडून डहाळी साफ करून घ्यायचा. हत्यार फक्त माणूस बनवतो, ही तोवरची समजूत तिथे त्या वारुळापाशी संपली.

१९६१ मध्ये सोसायटीने तिला अनुदान दिलं. १९६२ मध्ये ह्यूगो व्हॅन लाविक या छायाचित्रकाराला पाठवलं (त्याचं आणि तिचं पुढे लग्न झालं). १९६३ मध्ये मासिकात तिचा लेख आला आणि डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर तिच्यावरचा माहितीपट. तेव्हा सोसायटीचं स्वतःचं चॅनेल नव्हतं. स्वतःच्या नावाचं चॅनेल १९९७ मध्ये आलं, तेही आधी युरोप-ऑस्ट्रेलियात. अमेरिकेत तर ते २००१ साली, म्हणजे आमच्या पंचवटीच्याही नंतर.

केंब्रिजला पीएच.डी. करायला गेल्यावर तिला सांगण्यात आलं की प्राण्यांना नावं द्यायची नसतात, क्रमांक द्यायचे असतात. नाव दिलं की माया जडते, माया जडली की शास्त्र बिघडतं. तिने ऐकून घेतलं आणि नावं तशीच ठेवली. फ्लो, तिची मुलगी फिफी, धिप्पाड गोलायथ. आज मागे वळून पाहिलं तर शास्त्रालाही तिचं म्हणणं मानावं लागलं. कोण कुणाचं पोर, कुणाची कुणाशी दोस्ती, आईविना कोण झुरलं, हे सगळं नावांमुळे दिसलं. फ्लो १९७२ साली गेली तेव्हा लंडनच्या संडे टाइम्सने तिच्यावर मृत्युलेख छापला. चिंपांझीवर मृत्युलेख!

गुडाल स्वतः ऑक्टोबर २०२५ मध्ये गेल्या, ९१ व्या वर्षी. गोम्बेतलं काम अजून चालू आहे. तिथली रोजची नोंद कोण ठेवतं? १९७५ मध्ये तिथून चार विद्यार्थ्यांना पळवून नेण्यात आलं, बाहेरून येणाऱ्यांचा ओघ आटला, आणि ते काम स्थानिक टांझानियन माणसांनी पेललं. चिंपांझींची एक टोळी दुसऱ्या टोळीतल्या एकट्या नराला घेरून मारते, हे १९७४ मध्ये पहिल्यांदा पाहिलं त्याचं नाव हिलाली मातामा. गुडाल यांनी त्याचं नाव लिहून ठेवलं म्हणून ते मला कळलं. ‘पिवळ्या डिस्कव्हरी’वर ते कधी ऐकल्याचं आठवत नाही.

इथे फाळक्यांना आणल्याशिवाय राहवत नाही. दादासाहेब जन्मले त्र्यंबकेश्वरला, वारले नाशिकला, स्मारक पांडवलेण्याच्या पायथ्याशी. आपण त्यांना पौराणिक सिनेमाचे म्हणून ओळखतो. पण १९१२ मध्ये, पहिला कथापट काढण्याआधी, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना थोडं थोडं करून महिनाभर चित्रित केला. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल वर. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव. भांडवलासाठी सावकारांना दाखवायला केलेला हा नमुना आमच्या मातीतल्या माणसाने केलेला विज्ञानपटच आहे. मिनिटाच्या फिल्मसाठी महिना. गुडालचंही गणित तेच. चॅनेल आपल्याला झडप दाखवतं, झडपेआधीचे रिकामे महिने कापून टाकतं. ते कापणं मला समजतं, दोन जाहिरातींच्या मध्ये रिकामे महिने कोण बघणार? पण त्या कात्रीखाली महिन्यांबरोबर माणसंही जातात, आणि नेमकी तीच जातात ज्यांनी ते महिने तिथे काढलेले असतात.

सोसायटीचा टीव्हीवरचा पहिलाच मोठा कार्यक्रम घ्या. १० सप्टेंबर १९६५, एव्हरेस्टवरच्या १९६३ च्या अमेरिकन मोहिमेचा. निवेदनाला ऑर्सन वेल्सचा आवाज. नाव होतं ‘अमेरिकन्स ऑन एव्हरेस्ट’. त्या मोहिमेत १ मे १९६३ ला शिखरावर पहिल्यांदा पोचले ते दोघं, जिम व्हिटेकर आणि नवांग गोम्बू. गोम्बू अमेरिकन नव्हता. तेनझिंगचा भाचा, दार्जिलिंगचा. पुढे मे १९६५ मध्ये कॅप्टन कोहलींच्या भारतीय मोहिमेतून तो पुन्हा शिखरावर गेला आणि एव्हरेस्ट दोनदा चढणारा जगातला पहिला माणूस ठरला. कार्यक्रम दाखवला गेला त्याच्या चारच महिने आधी. शीर्षकात मात्र अमेरिकनच. पेरूतल्या माचू पिचू या जुन्या इंका नगराचंही असंच. १९११ मध्ये हायरम बिंगम या अमेरिकनाने ते ‘शोधलं’, १९१३ मध्ये मासिकाचा अख्खा अंक त्यावर निघाला. बिंगमला वर घेऊन गेला होता मेल्चोर आर्तेआगा नावाचा तिथला शेतकरी, आणि वर पोचल्यावर त्या पडक्या भिंतींमध्ये दोन-तीन कुटुंबं शेती करत होती. वाट त्यांनाच माहीत होती.

आणि ती मुलगी. हिरव्या डोळ्यांची, लाल फाटकी ओढणी. पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत १९८४ मध्ये स्टीव्ह मॅकरीने तिचा फोटो काढला, जून १९८५ च्या मुखपृष्ठावर तो आला आणि जगभर पोचला. नाशिकमध्ये सलूनच्या भिंतीवरसुद्धा मी तो पाहिलाय, कुठल्याशा कॅलेंडरमधून कापलेला. तिचं नाव विचारलेलंच नव्हतं. सतरा वर्षांनी, २००२ मध्ये, सोसायटीचं पथक शोधत गेलं. डोळ्याच्या बुबुळाची रचना फोटोशी ताडून खात्री केली. तेव्हा कळलं, शरबत गुला. तिने स्वतः तो फोटो तोवर पाहिलेला नव्हता. गोम्बेच्या चिंपांझिणीला आई, लेक, स्वभाव, मृत्युलेख सगळं होतं, आणि जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चेहऱ्यांपैकी एकाला नावच नव्हतं. एकाच संस्थेच्या, एकाच पिवळ्या चौकटीतल्या या दोघी.

संस्थेने हे कबूल केलं हे तिच्या पदरात टाकायला हवं. एप्रिल २०१८ चा अंक वंश या विषयावर होता. संपादक सुझन गोल्डबर्ग यांनी जॉन एडविन मेसन या इतिहासकाराला जुने अंक तपासायला सांगितले आणि निष्कर्ष पहिल्याच लेखात मांडला की आमचं लेखन कित्येक दशकं वंशवादी होतं. १९१६ च्या एका अंकात ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींना रानटी म्हटलं होतं, तेही उघड छापलं. आपल्या घरच्या कपाटातली जुनी वह्या-कागदं परक्याला दाखवायला धैर्य लागतं. पण तीन वर्षंही झाली नव्हती, २०१५ मध्ये मासिक आणि वाहिन्या मिळून धंद्याची बाजू ७२.५ कोटी डॉलरच्या व्यवहारात वेगळ्या कंपनीत गेली होती. त्यात ७३ टक्के वाटा फॉक्सचा, तो २०१९ मध्ये डिस्नेकडे आला. सोसायटी आजही संशोधकांना अनुदानं देते. पण २०२३ मध्ये मासिकाचे उरलेसुरले पगारी लेखक कमी केले गेले. माफी मागायला जे लोक लागतात तेच घरी गेले की पुढच्या चुका कोण शोधणार, असं माझ्या मनात येतं.

आता आमच्याकडे येऊ, कारण हे सगळं अमेरिकेच्या माथी मारून मोकळं होणं फार सोपं आहे.

नाशिकला परके कॅमेरे येतात ते सिंहस्थात. त्यातलेही जाणते रामकुंडावर फार रेंगाळत नाहीत. शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात, इथे गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) वैष्णव. भस्म फासलेले नागा साधू हवे असतील तर त्र्यंबक गाठावं लागतं. २०१५ च्या पर्वणीला मी रामकुंडाजवळ उभी होते. द्रोणातले दिवे विकणारी बाई तिथे रोजचीच, आम्ही लहानपणापासून तिच्याकडून घेतो. लांब लेन्सच्या एकाने तिचा फोटो काढला, छोट्या पडद्यावर पाहिला, खुशीत अंगठा दाखवला आणि गेला. ‘कुठं छापनार गं हा?’ तिने मला विचारलं. मला वाईट वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की नाव मलाही माहीत नाही. आम्ही तिला ‘दिवेवाल्या मावशी’ म्हणतो.

दर मे महिन्यात मराठी वाहिन्यांवर एक बाई विहिरीत उतरते. त्र्यंबक नाहीतर पेठ तालुक्यातला पाडा, खडकाळ विहीर, कमरेला दोर, तळाशी गढूळ पाणी. पार्श्वसंगीत तेच, निवेदनातला गहिवर तोच. याच जिल्ह्यातल्या वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळाला जातं, हे कधी सांगितलं जातं, कधी नाही. त्या बाईचं नाव पट्टीवर मी क्वचितच पाहिलंय. ‘पाण्यासाठी आदिवासी महिलेची जीवघेणी कसरत.’ एवढंच. बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव बघायला सुरगाणा-पेठकडे गाड्या भरून जाणारे आमचे शहरी छायाचित्रकारही मुखवट्याचं नाव नीट लिहून घेतात, मुखवट्याखाली रात्रभर नाचणाऱ्याचं घेत नाहीत. १८८३ साली इंग्रजांनी काढलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये कोळी, ठाकूर, वारली यांच्या चालीरीती जमातवार लिहिलेल्या आहेत. पुस्तक मोठं उपयोगाचं, मी ते वरचेवर उघडते. पण आपली नजर अजून त्याच पानांवरून फिरते, फक्त हातात मोबाइल आलाय.

बिबट्याचं मात्र आम्ही नाव ठेवलं. नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक वयस्क, शांत नर विद्या अत्रेय आणि वनविभागाने २००९ मध्ये पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो शंभराहून जास्त किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याचं नाव आजोबा, त्याच्यावर मराठी सिनेमाही निघाला. निफाड-सिन्नरच्या उसात बिबटे आहेत, हे त्यामुळे शहरातल्यांना जरा प्रेमाने कळलं. रात्री पाणी भरायला त्याच उसात जाणाऱ्या गड्याला अजून ‘स्थानिक शेतमजूर’ म्हणतात. अत्रेय यांच्या कामाचं वेगळेपण असं की त्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याइतकंच त्याच्या शेजारच्या माणसांना विचारलं.

एवढं सगळं मनाशी धरून मी गेल्या हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला गेले. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं धरण इंग्रजांच्या काळातलं, मागच्या गाळात पाणथळ तयार झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतली) म्हणून जाहीर झाली. चापडगावचा एक वाटाड्या बरोबर होता. डोळ्याला दुर्बीण न लावता पंखाच्या फडकण्यावरून थापट्या कुठला आणि चक्रवाक कुठला, ते सांगत होता. शिकायला आलेल्या परदेशी पाहुण्यांनाही त्यानेच पक्षी दाखवलेत. मी उत्साहाने म्हटलं, लेख लिहिणार आहे, तुमचं नाव घालते. तो म्हणाला, ‘नको ताई. मागं एकीनं टाकलं, फोटोसकट. लोक रात्री-अपरात्री फोन करत्यात. पक्ष्यांचं लिहा, पानी कमी झालंय ते लिहा.’

माझा सगळा सिद्धांत तिथेच बांधावर बसला. शरबत गुलाचं पुढे काय झालं ते मला माहीत होतंच, पण त्या दिवशी ते वेगळं दिसलं. नाव जगाला कळल्यावर २०१६ मध्ये पाकिस्तानात खोट्या ओळखपत्राच्या आरोपाखाली तिला अटक झाली, अफगाणिस्तानात परत धाडलं गेलं, सरकारने घर दिलं, आणि २०२१ मध्ये तालिबान आल्यावर इटलीने तिला आसरा दिला. प्रसिद्ध नावाने तिला पकडवूनही दिलं असेल आणि वाचवलंही. म्हणून आता वर्गात मी ‘नाव लिहा’ असं म्हणत नाही, ‘नाव विचारा’ म्हणते. लिहायचं की नाही ते ज्याचं नाव त्याने ठरवायचं. त्याने नको म्हटलं तर त्याला काय लिहायला हवंय ते विचारायचं.

पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय. मुलांना पाच मिनिटांचे माहितीपट करायला दिलेत आणि अट एकच घातलीय, विचारल्याशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही. वर्गात बंड झालं. ‘मॅडम, लाखोंच्या गर्दीत कोणाकोणाला विचारू?’ ‘विचारलं की लोक पोझ देतात, नॅचरल येत नाही.’ दोन्ही आक्षेप रास्त आहेत आणि दोन्हींवर माझ्याकडे पुरं उत्तर नाही. गर्दीचं दृश्य घ्या, पण एका चेहऱ्यावर लेन्स नेली की खाली उतरा, असा तोडगा सध्या काढलाय. पोझवर म्हटलं, गुडालबाई बसल्या तशा बसा, पोझ देऊन माणूस किती वेळ थकणार नाही?

सराव म्हणून एकीला गंगेवर धाडलं. दिवसभर थांबली. परत आली तेव्हा वहीत दिवेवाल्या मावशींचं नाव, माहेर, सासर, गुडघ्याचं दुखणं, नातवाची दहावी, आणि पावसाळ्यात पाणी वाढलं की टोपली कुठे हलवतात ती जागा. मावशींनी नाव लावायला होकार दिला होता, फक्त ‘नवऱ्याचं नको लावू’ म्हणाल्या होत्या. कॅमेऱ्यात मात्र मिनिटभराचंही धड चित्रीकरण नव्हतं. गप्पांच्या नादात तो बहुतेक वेळ बंदच राहिला होता. पोरगी रडवेली झाली होती. मी तिला पैकीच्या पैकी दिले, आणि बाकीचा वर्ग अजून माझ्यावर नाराज आहे.